डंकावरचे जर-तर

सुगंधाकाकीच्या तोंडाला आणि तिच्या डंकाला एकदा सुरुवात झाली की मध्ये हात घालायचा नाही, हे घाटकोपरच्या भटवाडीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. दोन्हीकडे बोटं ठेचायची.

डंक म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. खाली लोखंडी उखळ, वर लोखंडी मुसळ, बटण दाबलं की धाड धाड धाड. असे दोन डंक काकीच्या गाळ्यात शेजारी शेजारी बसलेले. गिरणी बंद पडली तेव्हा तिचा नवरा दत्ताराम घरात बसून पंख्याकडे बघायला लागला. काकीने त्याला हाताला धरून उठवलं आणि गिरणीतून आलेल्या पैशाचे डंक घ्यायला लावले. पुढे दत्ताराम गेला, चाळ गेली, चाळीच्या जागी लिफ्टवाली इमारत आली. पण तळमजल्यावरचा गाळा काकीने बिल्डरच्या उरावर बसून पदरात पाडून घेतला. शिक्षण तिसरी, पण जीभ अशी की बिल्डरचा वकीलसुद्धा तिला मॅडम म्हणायचा.

थंडी ओसरली की मिरचीचा हंगाम. बेडगी, लवंगी, संकेश्वरी खडखडीत वाळवून, धणे-बडीशेप भाजून बायका डबे-पिशव्या घेऊन यायच्या. आणि यायच्या त्या बसायच्या. कारण मसाला डंकावर टाकून बाजारात निघून जायची आपल्यात रीतच नाही. डोळ्यांदेखत कांडला तरच तो आपला. एकवेळ नवऱ्याला दुसरीच्या भरवशावर सोडतील, पण बेडगी मिरची सोडणार नाहीत. मग सगळी वरात कंपाउंडमध्ये. कुणी गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवलाय, कुणी जिन्यात पाय पसरलेत, कुणी लिफ्टच्या दारात सासूच्या चहाड्या उघडल्यात. आणि शिंका! इमारतीला पडसं झाल्यासारखं वाटायचं.

यंदा सोसायटीचा नवा सेक्रेटरी राजेश याने नोटीस लावली. काकीचा मुलगा जयवंत ती घेऊन गाळ्यात आला आणि मोठ्याने वाचायला लागला.

"'येत्या रविवारी अकरा वाजता कमिटी पाहणी करेल. कंपाउंडमध्ये गर्दी आढळल्यास डंक बंद करण्यात येतील.' ऐकलंस ना आई? आता पुरे कर. तो मोबाइलवाला गाळा भाड्याने घ्यायला तयार आहे. घरबसल्या भाडं खाशील."

"भाडं खायला मी काय घूस आहे?" काकीने चाळण आपटली. "मेल्या, ह्या डंकावर तुझी दहावी झाली, बारावी झाली, लग्न झालं. आणि आता इथे मोबाइलची कव्हरं टांगणार? माझ्या मयताला ये ती कव्हरं घेऊन!"

तोंडाने ती लढत होती, पण आतून तिलाही ठाऊक होतं, राजेश काही खोटं बोलत नव्हता. आदल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या नानांना दवाखान्यात न्यायला आलेली रिक्षा बायकांमुळे फाटकातच अडकली होती. बायकांना बसू द्यायचं नाही, तर त्यांना कळणार कसं नंबर कधी लागतो ते? आणि बसू द्यायचं, तर डंक गेला.

यावर उपाय घेऊन दोघं आली आणि दोघांत जुंपली.

पहिला काकीच्या बहिणीचा मुलगा देवेश. अंधेरीला कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. त्याने लॅपटॉप उघडून मावशीसमोर धरला. काळ्या पडद्यावर रंगीबेरंगी ओळीच ओळी.

"ह्या मुंग्या कसल्या रे?"

"मुंग्या नाहीत मावशी, कोड आहे. एकेक ओळ मी हाताने लिहिणार. बायकांनी फोनवर नाव घालायचं, मसाला किती किलो ते घालायचं आणि घरी बसायचं. पुढे दोघी उरल्या की मेसेज जाईल. तेव्हाच निघायचं."

काकीच्या अंगावर काटा आला. घरी बसायचं! म्हणजे कंपाउंड मोकळं! "आणि मी इतकी वर्षं ओरडत बसले होते, 'पुढची ये गं' म्हणून? कर, कर, लगेच कर!"

"लगेच नाही होत. नीट लिहावं लागतं, तपासावं लागतं."

तेवढ्यात दुसरी बोलली. काकीची सून श्रुतिका. मुलुंडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये ऑफिस सांभाळायची. "आई, हे मी आज करून देते. आमच्या लॅबमध्ये रक्त आणायला जाणाऱ्या पोरांच्या पाळ्या मीच फोनवर लावल्यात. कोड एक ओळसुद्धा नाही. तयार ठोकळे मिळतात, एकाला एक जोडत जायचे."

देवेश हसला. "वहिनी, ते म्हणजे पाकिटातल्या पिठाचे घावणे."

"घावण्याला जाळी पडली की खाणारा पीठ विचारत नाही, भावजी."

"आणि पाकीटवाल्याने पीठच बदललं तर?"

"तेव्हा तुमच्या घरी दळायला येऊ. तोपर्यंत तुमचं दळण झालं असलं तर!"

काकी खूश. घरात भांडण आणि तेही तिच्या डंकावरून, याहून दुसरं सुख नाही. तिने दोन्ही हात वर केले. "गप्प बसा! डंक दोन आहेत ना? डावा देवेशचा, उजवा श्रुतिकाचा. ज्याची रांग सरळ चालेल, रविवारी दोन्ही डंक त्याचे."

देवेश ईर्षेला पेटला आणि दोन दिवसांत लिहून हजर झाला. श्रुतिकाचं त्याच्या आदल्या दिवशीच तयार होतं. मेसेज काय जायचा ते काकीने सांगितलं: "निघा. पिशवी उचला." उगाच नमस्कार-चमत्कार नको.

पहिल्या दिवशी देवेशने मैदान मारलं. त्याचा प्रोग्रॅम घड्याळासारखा चालला. मागच्या गल्लीतली शकु, रोज गल्लीतल्या एकेका घरचा मसाला आणणारी, भाजी चिरता चिरता उठली, मेसेज वाचला, आली, मसाला कांडून गेली. कंपाउंडमध्ये टेकलीसुद्धा नाही! उजवीकडे मात्र दुपारी श्रुतिकाचं ॲप मुकं झालं. त्या कंपनीने फुकटात द्यायचे मेसेज संपले होते, पुढचे पैसे भरल्यावर.

"पाकीट संपलं वाटतं?" देवेशने अंधेरीहून फोन करून विचारलं.

श्रुतिकाने दात-ओठ खात पैसे भरले.

पण दुसऱ्या दिवशी सोनूबाई उभी राहिली. सोनूबाई मूळची जालन्याकडची, तोंडाने काकीच्या तोडीस तोड. तिचा मसाला काळा. खोबरं, कांदा, सगळं काळपट होईस्तोवर भाजलेलं. देवेशच्या डंकावर तिच्या आधी शकुचा मालवणी मसाला लागला होता, लालभडक, लवंगी मिरचीचा. उखळीच्या तळाला तो राहिला आणि सोनूबाईच्या मसाल्याच्या पहिल्या घाण्यात उतरला. तिने चिमूट जिभेवर ठेवली आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"हा काय मसाला म्हणायचा का जाळ? माझ्या लेकरांनी काय पाप केलंय?"

"माझ्या मसाल्याला नावं ठेवू नको हां," शकु म्हणाली. "तुझं ते तेलकट खोबरं माझ्या मिरचीत गेलं असतं, तर आमची माशाची कढी काळी नसती झाली?"

"झाली असती. म्हणून तर म्हणते, तुझंही नको माझ्यात, माझंही नको तुझ्यात!"

दोघींचं बरोबर होतं. इतकी वर्षं काकी हे डोळ्यांनी बघून करायची. लाल मसाले एकामागे एक, काळे एकामागे एक, आणि मध्ये मूठभर तांदूळ कांडून उखळ पुसून घ्यायची. इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं सुचलंच नाही. तिने देवेशला फोन लावला.

"मावशी, ही अट तू आधी सांगितली नव्हतीस."

"श्वास घेतेस का, हे तरी विचारलं होतंस काय तू मला?"

"अगं, आत बरंच बदलावं लागेल. मग तपासायचं. शनिवारी बसतो."

"शनिवारपर्यंत सोनूबाई मला जिवंत ठेवील?"

मग श्रुतिकाला फोन: डाव्या डंकावरची नावंही तुझ्या रांगेत घे आणि लाल-काळे वेगळे कर. ती मुलुंडला डबा खात होती. म्हणाली, "थांबा हां आई, चपाती संपवते." आणि खरंच, शकु-सोनूबाईंचं भांडण तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचायच्या आत काकीच्या फोनवर रांग हलली! नावं आपोआप वर-खाली सरकली, लाल लालमागे, काळी काळ्यामागे, आणि मध्ये ओळ उमटली: "उखळ पुसा."

सून मुलुंडात, उखळ घाटकोपरात, आणि रांग हवेत फिरली! काकी स्टुलावरून उठली. "अगो बाई! सोनूबाई, बघ, बघ, तू सरकलीस!"

सोनूबाईने चष्मा वर केला. "मी इथं उभी अन् तिथं सरकले?" आणि ती हसायलाच लागली.

संध्याकाळी निकाल लागला. दोन्ही डंक श्रुतिकाकडे. देवेशचं तोंड पडलं, पण जाता जाता तो एक बोललाच.

"मावशी, जे बदलायला सोपं, ते बिघडवायलाही सोपं असतं."

"हरलेल्या कोंबड्याने आरवू नये," काकी म्हणाली.

आता काकीला राहवेना. शनिवारी सकाळीच तिने सुनेसमोर फोन धरला. "मला शिकव."

"काय?"

"ते ठोकळे. मी काय नुसतं बघत बसू?"

श्रुतिकाने शिकवलं. हिरवा ठोकळा 'जर'चा, पिवळा 'तर'चा. हिरव्यात काय घडलं ते सांगायचं, पिवळ्यात काय करायचं ते. मग बोटाने एकाची शेपटी दुसऱ्याला जोडायची आणि 'चालू' दाबायचं. काकीला अक्षरं जुळवून वाचावी लागत, पण ठोकळे बोलून भरता येत होते. आणि बोलण्यात तिला कोण हरवणार!

तिचा पहिला ठोकळा: जर मेसेज पाठवून बाई आली नाही, तर दुसरा मेसेज, "मेलीस की काय?"

'चालू' दाबलं आणि थोड्याच वेळात शकुचा फोन आला. "काकी, मी बँकेत आहे! मॅनेजरसमोर फोन ठेवलाय आणि वर येतंय मेलीस की काय!"

काकीला इतका आनंद झाला की तिने फोनलाच मुका दिला. माणसं ऐकत नाहीत, मुलगा ऐकत नाही, सोसायटी ऐकत नाही, आणि हा तळहाताएवढा डबा तिचा शब्द झेलतोय! श्रुतिकाने हसत हसत तो मेसेज "येताय ना?" असा मऊ केला आणि ती भावाकडे चेंबूरला जायला निघाली. चप्पल घालता घालता म्हणाली, "आई, नवा ठोकळा केलात तर करा. पण मी बघितल्याशिवाय 'चालू' दाबू नका हं."

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

दुपारी काकी एकटी बसली आणि ठोकळ्यांनी तिला झपाटलं. जर बाई गरोदर असेल, तर खुर्ची द्या. जर पाच किलोच्या वर असेल, तर पिशवी उचलायला जयवंतला बोलवा. जर जयवंत 'नंतर' म्हणाला, तर त्याला पुन्हा मेसेज. घरात बसल्या बसल्या ती मुख्यमंत्री झाली होती.

मग तिला अपूर्वा आठवली. चाळीतली पोर, लग्न होऊन दहिसरला गेलेली. लग्नानंतरही मसाला इथेच कांडायला यायची आणि दर वर्षी तासन्‌तास बसायची. माहेरवाशीण घरी आली आणि तिला ताटकळत ठेवली, हे कुठल्या शास्त्रात बसतं? काकीने ठरवलं. माहेरवाशिणीला आधी. तिने रांगेतल्या सगळ्या बायकांना प्रश्न पाठवला: "माहेरवाशीण आहात का?" हो किंवा नाही. मग हिरव्यात बोलली, जर माहेरवाशीण असेल. पिवळ्यात बोलली, तर तिला लगेच बोलव. शेपटी जोडली.

'चालू' दाबलं नाही. सुनेचा शब्द तिने राखला. निदान रात्रभर.

रविवार उजाडला. देवेशला काकीने मुद्दाम बोलावलं होतं, हार बघायला. श्रुतिका चेंबूरहून निघाली होती. कंपाउंड कसं लख्ख! उभ्या उभ्या वाळवण घालावं इतकं मोकळं. काकीने डंकाला हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि फोनकडे बघितलं. तो पिवळा ठोकळा तिच्याकडे बघत होता. अपूर्वा एवढ्या लांबून येणार. सून अजून वाटेत. एक बोट तर लावायचं.

तिने 'चालू' दाबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फाटकाशी एक रिक्षा थांबली. अपूर्वा उतरली. "काकी, घाटकोपरला गाडीतून उतरत होते तोच निघा म्हणून मेसेज आला, तशी धावत आले!" काकीने देवेशकडे असं बघितलं की बघ. मग दुसरी रिक्षा. मग शकु, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने केस बांधत. मग सोनूबाई आणि तिच्या मागे तिच्या भिशीतल्या सगळ्या. मग मेट्रोने आलेल्या अंधेरीच्या चौघी. मग मुलुंडच्या. मग काकीला नावही ठाऊक नसलेल्या. पिशव्या, डबे, गोण्या, कडेवरची पोरं. एकजण तर अर्धा मसाला भाजायचा टाकून कढईच घेऊन आली होती.

"माझा पहिला नंबर आहे!"

"मला निघा म्हणून आलंय!"

"मग मला काय ये-जा करा म्हणून आलंय?"

फाटक दिसेना. गाड्या दिसेनात. पहिली शिंक आली आणि मग एकदम चाळीस!

"ह्या मोबाइलाच्या मढ्यावर..." काकीने हातातली चाळण टोपलीत फेकली. "देवेश, तू काय केलंस? तूच काहीतरी केलंस! हरल्याचा सूड उगवलास!"

देवेशने शांतपणे तिच्या हातातून फोन घेतला. बघितला. "मावशी, हा माहेरवाशिणीचा ठोकळा कुणी घातला?"

"मी घातला. मग? चूक काय त्यात?"

"तुझी माहेरवाशीण पुढे यावी, यात चूक काहीच नाही. पण सगळ्याच जणी हो म्हणाल्या तर काय करायचं, हे सांगितलंस त्याला? तू म्हणालीस लगेच बोलव. त्याने सगळ्यांना लगेच बोलावलं."

"सगळ्या कशा हो म्हणतील? जनाची नाही तर मनाची?"

काकी स्टुलावर चढली. आवाज तिचा डंकाचा होता. "एऽऽ! ज्या खऱ्या माहेरवाशिणी असतील, त्यांनीच हात वर करा!"

सगळे हात वर.

"शकु! मेले, तू मागच्या गल्लीत राहतेस!"

"काकी, माझं माहेर कणकवली. मग मी कुणाची माहेरवाशीण नाय?"

"सोनूबाई, तू पण?"

सोनूबाईने पिशवी खाली ठेवली. "जालन्याला माझं आता कोण उरलंय? किती वर्षांनी कुणीतरी विचारलं, माहेरवाशीण आहात का. मी म्हटलं, हो."

काकी स्टुलावरून उतरली आणि तिने सोनूबाईची पिशवी उचलून गाळ्यात ठेवली. 

इतक्यात गर्दी फाडत सेक्रेटरी राजेशची बायको माधुरी पुढे आली, डोक्यावर मिरच्यांचा डबा. "काकी, माझा नंबर केव्हा? मी मुलुंडची माहेरवाशीण."

"अगं, तू तिसऱ्या मजल्यावरून उतरलीस ना!"

"लिफ्ट वर गेली होती. जिन्याने आले," माधुरी म्हणाली, जणू त्याने अंतर वाढलं.

वर जिन्यातून राजेशचा आवाज आला, "माधुरी, चावी कुठेय? कमिटी जमतेय!" आणि जयवंत काकीच्या कानाशी आला. "आई, पंधरा मिनिटं आहेत. संपलं. त्या मोबाइलवाल्याला मी..."

"थोबाड बंद!" काकी गरजली. डोळ्यांसमोर तिला डंकाच्या जागी टांगलेली कव्हरं दिसली, आणि ते दिसताच तिच्या डोक्यात वीज चमकली. "ऐका गं! सगळ्या माहेरवाशिणी ना तुम्ही? मग माहेरवाशीण कधी अंगणात उभी राहते? तिला घरात घेतात! माधुरी, तू ह्या घरची. घेऊन जा वर दहा जणींना. चहा टाक!"

"या गं," माधुरी लगेच म्हणाली. तिला मुलुंडच्या दोघी भेटल्याच होत्या.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून जुन्या चाळीतली कुणी ओरडली, "काकी, सहा जणी माझ्याकडे पाठवा! पोहे आहेत!" पाचव्यावरून आवाज आला, "आमच्याकडे पण! पण शिंका बाहेर देऊन या!" नानांनी गॅलरीतून काठी हलवली, "आमच्याकडे पण दोघी पाठवा, पत्ते खेळणाऱ्या!" आणि बायका चढायला लागल्या. पिशव्या, डबे, पोरं, कढई, सगळी जत्रा जिन्याने वर. चाळीची लिफ्टवाली इमारत झाल्यापासून माणसं एकमेकांच्या दारात गेली नव्हती. आज दारं धडाधड उघडत होती.

पण नुसती वर पाठवून काय उपयोग? सगळ्या पुन्हा एकदम खाली आल्या तर? श्रुतिका तोवर धापा टाकत पोहोचली होती. सगळं बघून तिने आधी कपाळाला हात लावला, मग फोन हातात घेतला. ती आणि देवेश उलट्या घातलेल्या टोपलीवर बसली, मांडीला मांडी लावून.

"वहिनी, तुमच्यात हा ठोकळा काढायचा कसा?"

"काढला. हे बघा." एक टिचकी.

"इतक्यात?" देवेश फोनवर वाकला. "बरं. आता सांगा, दोघी माहेरवाशिणी असल्या तर?"

"लांबून आलेली आधी."

"दोघी सारख्याच लांबून?"

"नाव आधी घातलेली आधी."

"उखळ पुसायचं असेल आणि लांबची काळ्या मसाल्याची असेल तर?"

श्रुतिका थांबली. "हे मी विचारलंच नव्हतं."

"आम्ही हेच विचारण्यात आठवडे घालवतो. लोक म्हणतात उशीर करतो." तो विचारत गेला, ती ठोकळे सरकवत गेली. मग खऱ्या बायकांना हात लावायच्या आधी त्याने खोट्या बायका घालून बघितल्या: शकु पहिली, शकु दुसरी, काळी शकु. तिन्ही शकु शहाण्यासारख्या रांगेत उभ्या राहिल्या. चुकीचा ठोकळा काढायला श्रुतिकाला टिचकी पुरली. बरोबर ठोकळा कुठला, ते शोधायला देवेशची शंकेखोर खोपडी लागली.

काकी दोघांच्या डोक्यावर उभी. "झालं का? झालं का?"

"आई, तुम्ही दाबा 'चालू'," श्रुतिका म्हणाली.

काकीने बोट पुढे केलं. मागे घेतलं. देवेशकडे बघितलं. "सगळ्याच हो म्हणाल्या तर?"

"विचारलंय त्याला."

मग दाबलं.

अकराला कमिटी खाली आली. पुढे राजेश, मागे दोघं सभासद, आणि त्यांच्यात काठी टेकत नाना. कंपाउंडमध्ये मांजर नव्हतं. डाव्या डंकावर अपूर्वा, उजव्या डंकावर शकु, आणि धाड धाड धाड! कुठेतरी वर एक फोन वाजला. जिन्यातून सोनूबाई तोंड पुसत उतरली, थेट गाळ्यात शिरली. तिचं होतंय तोवर दुसरीकडे फोन वाजला, दुसरी उतरली. एकीवर एक नाही. जणू इमारत स्वतःच हाताने एकेक मिरची टाकतेय उखळीत.

राजेश कपाळाला आठ्या घालून चारी बाजूंनी फिरला. गाड्यांच्या मागे बघितलं. मीटरच्या खोलीत डोकावला. "हे... पण... काकी, माझ्या हॉलमध्ये अकरा बायका बसल्यात! माझ्या सोफ्यावर मिरच्या आहेत!"

"नोटिशीत काय लिहिलंयस? वाच," काकी म्हणाली.

"कंपाउंडमध्ये गर्दी आढळल्यास..."

"मग आढळली काय?"

"अहो, पण हे दर रविवारी..."

"दर रविवारी आपापल्या घरूनच निघतील. आजचं चुकलं. माझंच चुकलं. एकीला पुढे घ्यायला गेले आणि सगळ्या आल्या." काकीने हे असं म्हटलं की त्यात पश्चात्ताप किती आणि तोरा किती, ते देवालाच माहीत. "पण तुझ्या सोफ्यावर ज्या बसल्यात ना, त्यांना चहा तुझ्या बायकोने दिलाय. तिला विचार, गर्दी वाटतेय का पाहुण्या."

नाना खोकल्यासारखे हसले. "राजेश, लिही रे. मोकळं आहे. आणि तिथे तुझ्या घरी पत्त्यांचा जोड आहे का बघ, माझ्याकडच्या दोघी हरामखोर आहेत, जिंकतायत."

राजेशने खिशातून पेन काढलं. लिहिणार, तेवढ्यात वरून माधुरीची हाक आली. तिच्या फोनवर मेसेज आला होता: "निघा. पिशवी उचला."

"अहो, डबा जड आहे! वर या जरा!"

सेक्रेटरी वर गेला आणि मिरच्यांचा डबा छातीशी धरून, शिंकत शिंकत खाली आला. काकीने डबा घेतला, उखळीत ओतला आणि तशाच लाल हातांनी जयवंतकडे वळली.

"तू काय खांबासारखा उभा? त्या मोबाइलवाल्याला फोन लाव. सांग, गाळा अडलाय. आणि देवेश, पुढच्या रविवारी रजा काढ. श्रुतिका, तू पण. मला तिसरा डंक घ्यायचाय."

"तिसरा?" दोघं एकदम ओरडली.

पण काकीने बटण दाबलं होतं, आणि त्या धडधडाटात तिला काही ऐकू आलं नाही. किंवा ऐकायचं नव्हतं.